पाच तासांचं विमान

स्टँडवर तिला सगळे चौकशीताई म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, ते तिथेच राहिलं. चौकशीच्या खिडकीत बसून बसून तिचे अर्धे केस पिकले होते, पण या सगळ्या वर्षांत तिने वेळापत्रकाच्या पाटीकडे मान वळवून पाहिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. कुणी ठिकाणाचं नाव घ्यायचा अवकाश, गाडी कधी सुटते, कधी पोचते आणि मधे किती वेळ जातो, हे तिच्या तोंडून धडाधड बाहेर पडे. पोचायच्या वेळेतून सुटायची वेळ वजा करायची, की झाला प्रवास. ही वजाबाकी ती भाजी निवडताना, भांडताना, जांभई देतानाही करू शके. तिला त्याचा थोडा माज होता म्हटलं तरी चालेल. ज्याला काही येतं त्याला तो थोडाफार असतोच.

नेमक्या ह्याच वजाबाकीने तिचा घात केला.

घरात ती आणि आई, दोघीच. ताईने लग्न केलं नाही, आणि आता कुणी तो विषयही काढत नसे. धाकटा भाऊ जगाच्या दुसऱ्या टोकाला नोकरीला. 'इतकी वर्षं तू केलंस ताई, आता सहा महिने माझी पाळी' असं म्हणत त्याने आईचं तिकीट काढून पाठवलं. ताईने ते फोनवर उघडलं. सुटणार पहाटे चार, पोचणार सकाळी नऊ, त्याच तारखेला. झालं की! पाच तास. आपली लांब पल्ल्याची रातराणीसुद्धा यापेक्षा जास्त वेळ घेते, असं तिने आईला ऐकवलंही. सरळ जाणारं विमान आहे, कुठे बदलायचं नाही, चाकाच्या खुर्चीतून नेतील आणि चाकाच्या खुर्चीतून आणतील, मग काळजी कसली?

तिकडची घड्याळं इकडच्यापेक्षा नऊ तास मागे असतात, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. धाकट्याला फोन करताना ती रोज तो हिशेब करायची. पण ती अक्कल फोनच्या खणात होती आणि तिकिटाचा खण वेगळा होता. दोन्ही खण एकाच वेळी उघडायचं तिला सुचलं नाही. सुचणार कसं? तिच्या कुठल्याही बसला वाटेत घड्याळ बदलावं लागलं नव्हतं.

आईचा आजार हाताच्या कंपाने सुरू झाला होता आणि आता गोळ्यांवर येऊन ठेपला होता. दर तीन तासांनी एक. गोळी अंगात असेपर्यंत आई पूर्वीसारखी, म्हणजे हट्टी, बोलघेवडी आणि दुसऱ्याच्या कामात चुका काढणारी. गोळी उतरली की शरीर हळूहळू बंद पडत जाई. आधी पाय, मग हात, मग चेहरा. शब्द फुटत नसे, गिळता येत नसे. डोकं आणि कान मात्र शाबूत. सगळं ऐकू येई, सगळं कळे, आणि ती डोळे उघडे ठेवून पुतळ्यासारखी बसून राही.

गोळ्यांची बाटली ताईच्या ताब्यात असे. विमानतळावर, दाराशी, शेवटचा वाद त्यावरूनच झाला.

"बाटली माझ्या पर्समध्ये ठेव," आई म्हणाली.

"नाही. मोठ्या बॅगेत आहे, तिकडे धाकटा काढून घेईल. पर्समध्ये दोन गोळ्या ठेवल्यात. एक साडेसहाला, एक साडेनऊला. तोवर तू उतरलेली असशील."

"मी काय कुकुलं बाळ आहे?"

"मागच्या वेळी दुपारची गोळी दोनदा घेतलीस. भिंतीवरून मुंग्या चालल्यात म्हणून रात्रभर झाडू मारत होतीस. विसरलीस?"

"मुंग्या होत्या," आई म्हणाली.

मग खुर्ची ढकलणारा आला आणि आईला घेऊन गेला. तिने वळून पाहिलं नाही. रुसली की ती वळून पाहत नसे. ताईला थोडं वाईट वाटलं आणि थोडी सुटका झाल्यासारखंही वाटलं. घरी येऊन तिने अंघोळ केली आणि आठला खिडकीत हजर झाली.

नऊ वाजले. ती फोनकडे बघू लागली. उतरायला, बॅग मिळायला वेळ लागतो, हे ती धरून होती. साडेनऊला तिने धाकट्याला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. गेला असेल आणायला, गर्दीत ऐकू येत नसेल. दहाला परत लावला. पुन्हा तेच. खिडकीपुढे रांग होती, एक म्हातारा तिकीट परत करायचं कसं विचारत होता, एका बाईला शेवटची गाडी हवी होती, आणि ताई उत्तरं देत होती. पण तिचा एक डोळा फोनवर होता. विमानाचं काही झालं असेल का? बातमी आली असती. आईला चक्कर आली असेल का? धाकट्याने कळवलं असतं. मग तो फोन का उचलत नाही?

कंट्रोलर साहेब चहाचा पेला घेऊन आले. डेपोतून गाड्या सोडणं, ड्रायव्हरांशी बोलणं, उशिरा आलेल्याला झापणं आणि फार लवकर आलेल्याला त्याहून जास्त झापणं, हे त्यांचं काम. लवकर पोचलेली गाडी म्हणजे बेफाम हाकलेली गाडी, हे त्यांचं ठाम मत.

"पोचल्या का आई?"

"फोन नाही अजून. नऊला पोचायला हव्या होत्या."

"सुटलं कधी?"

"चारला. पाच तासांचा प्रवास."

"आणि अंतर?"

अंतर धाकट्याने कधीतरी सांगितलं होतं. "बारा हजार किलोमीटर म्हणे."

साहेबांनी पेला तोंडाशी नेला, मनाशी भागाकार केला आणि हसत सुटले. "पाच तासांत बारा हजार? ताई, हे विमान आहे की बंदुकीची गोळी? असा ड्रायव्हर माझ्या डेपोत असता तर मी त्याला आजच घरी बसवला असता."

ताईही हसली. आधी ती हसली, हे तिला नंतर कितीतरी दिवस छळत राहिलं. मग तिचं हसू तोंडावरच राहिलं आणि डोक्यात दोन्ही खण एकदम उघडले. धाकटा फोन उचलत नव्हता, कारण तो झोपला होता. कारण तिकडे आता मध्यरात्र होती. नऊ वाजता पोचायचं ते तिकडच्या नऊला. पाच तास नव्हे, पाच आणि नऊ, चौदा. आई अजून हवेत होती. ती आणखी साडेसात तास हवेतच राहणार होती. आणि तिच्या पर्समधली दुसरी गोळी साडेनऊलाच संपलेली होती.

तिने खिडकीची कड घट्ट धरली.

"साहेब," ती म्हणाली, "मी आईला मारलं हो."

काय झालं ते तिने कसंबसं सांगितलं. साहेबांना आजाराची माहिती होती, पण गिळण्याची नव्हती. ताईला ती चांगलीच होती. एकदा गोळी लांबलेली असताना शेजारणीने मायेपोटी आईच्या तोंडात चमच्याने चहा घातला होता. तो भलतीकडे गेला. आईचे ओठ निळे पडले, डोळे पांढरे झाले, आणि आवाज तर काहीच नाही. खोकायलासुद्धा अंग चालावं लागतं. त्या दिवशी डॉक्टरने बजावलं होतं की अशा वेळी पाण्याचा थेंबही घालायचा नाही. विमानात काय करतात? खायला घालतात. चांगली मुलं असतात ती, हसून वागणारी. एखादी म्हातारी नुसती बसलेली दिसली की एखादी मायाळू पोर म्हणणार, आजी, थोडा रस घ्या. आणि आईला मान हलवून नाहीसुद्धा म्हणता येणार नाही.

"आता साडेदहा झाले," ताई म्हणाली. "साडेबारापर्यंत ती बरी असेल. त्यानंतर..."

"उठा," साहेब म्हणाले. "खिडकी मी बघतो. तुम्ही फोन लावा."

त्यांनी खुर्ची घेतली आणि तत्काळ एका कुटुंबाला भलत्याच फलाटावर पाठवलं. ताई मागच्या खोलीत, पाण्याच्या माठाशेजारी उभी राहून विमान कंपनीला फोन लावू लागली. आधी यंत्र बोललं. हे दाबा, ते दाबा. मग वाट बघताना ऐकवायचं संगीत. त्या संगीताइतकं निर्दय तिने आजवर काही ऐकलं नव्हतं. शेवटी एक मुलगी आली, गोड आवाजाची.

"मी आपली काय मदत करू शकते?"

ताईने सांगितलं. मुलगी ऐकत होती, मधे मधे "समजलं मॅडम" म्हणत होती.

"मॅडम, प्रवासी उतरल्यावर आमचे कर्मचारी त्यांना नक्की मदत करतील."

"उतरल्यावर नको. आत्ता. उतरेपर्यंत ती राहणार नाही."

"मॅडम, उड्डाणादरम्यान आम्ही प्रवाशांशी संपर्क करू शकत नाही. आपण प्रवासाला किती तास लागतात हे आधी पाहिलं नव्हतं का?"

"पाहिलं होतं."

"मग पाच तास असं आपल्याला कुणी सांगितलं?"

"मीच," ताई म्हणाली. रोज शेकडो लोकांना वेळ सांगणारा तिचा आवाज फाटला.

तेवढ्यात साहेब आत आले. खिडकीवर त्यांनी कुणाला बसवलं होतं देव जाणे. त्यांनी ताईच्या हातातून फोन घेतला. "बाई, ऐका. तुमच्याकडे एक माणूस असेल, जो विमानं सोडतो आणि वाटेत त्यांच्याशी बोलतो. नाव काही असेल त्याचं. आमच्याकडे असतो, तर तुमच्याकडे असणारच. मला तो माणूस द्या. तुमची चूक नाही, तुम्हाला कुणी रागावणार नाही. फक्त तो माणूस द्या."

पुन्हा संगीत. ताईने भिंतीला पाठ टेकली. तिला दिसत होती ती ओळीतली एक खुर्ची, तिच्यात पट्ट्याने बांधलेली आई, आणि मांडीवर पर्स. पर्समध्ये रुमाल, चष्मा, आणि गोळ्यांची रिकामी पुडी. बाटली त्याच विमानाच्या पोटात, आईच्या पायांखाली कुठेतरी.

मग एक पुरुषाचा आवाज आला, थकलेला आणि सरळ. त्याने 'मॅडम' म्हटलं नाही. नाव विचारलं, आसन विचारलं, गोळीचं नाव विचारून अक्षर अक्षर लिहून घेतलं.

"वैमानिकाला लेखी निरोप जातो," तो म्हणाला. "लांबलचक जात नाही. तीन-चार वाक्यांत सांगा. काय करायचं, काय करायचं नाही."

एवढं मात्र ताईला येत होतं. खिडकीतून थोडक्यात बोलायची तिला जन्माची सवय. तिने डोळे मिटले.

"तिला काही खायला-प्यायला देऊ नका. ती झोपलेली नाही, तिला सगळं कळतं. तिच्याशी बोलत राहा. तिच्या मुलीला चूक कळली आहे."

शेवटचं वाक्य कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. त्याने ते गाळलं नाही. "पाठवतो," म्हणाला. "विमानात कुणाकडे ही गोळी आहे का, तेही विचारायला सांगतो. खाली डॉक्टर तयार ठेवतो. उत्तर आलं तर कळवीन. पण प्रत्येक वेळी उत्तर येतंच असं नाही."

उत्तर आलं नाही.

बाराच्या सुमाराला, तिकडची पहाट उजाडायच्या आधीच धाकटा उठला. तिचे सतरा फोन बघून त्याचीही पाचावर धारण बसली होती. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"ताई, तू?" तो म्हणाला. "तू चुकलीस?"

त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. लहानपणापासून त्याला वाटत आलं होतं की आपली ताई चुकत नाही, आणि आता त्याला धरायला काही उरलं नव्हतं.

"गोळ्या मिळव," ताई म्हणाली. "कुठूनही. दारापाशी उभा राहा. तिला पाणी पाजू नकोस, डॉक्टर सांगेल तसं कर. जा."

साडेबारा वाजले. एक वाजला. साहेब तिला घरी जा म्हणत होते, पण घरी आईची रिकामी खाट होती. ती परत खिडकीत बसली. कुणीतरी तिच्या फोनवर विमानाचा नकाशा काढून दिला होता. समुद्रावर एक इवलंसं चित्र, आणि खाली उरलेलं अंतर. ते अंतर कमी होत होतं, पण इतक्या सावकाश की चित्र चिकटून बसलंय असं वाटावं. लोक येत होते, गाडी कधीची विचारत होते. ती आता प्रत्येक वेळी पाटीकडे वळून पाहत होती. साधं गणित सांगायचीसुद्धा तिला भीती वाटू लागली होती. एकदा तिने एकाला बरोबर वेळ सांगितली आणि मग खिडकीतून डोकं बाहेर काढून त्याला परत बोलावलं, पाटी वाचून पुन्हा सांगितली. तो बिचारा दचकला.

तीनच्या सुमाराला नकाशावरचं चित्र दिसेनासं झालं. नुसता निळा समुद्र. तिच्या घशातून एक आवाज निघाला, तो ऐकून रांगेतले लोक गप्प झाले. साहेबांनी येऊन फोन हलवला, बंद करून सुरू केला. चित्र परत आलं. नेट गेलं होतं, एवढंच. ती टेबलावर डोकं ठेवून रडली, आणि रांगेतल्या एका अनोळखी बाईने खिडकीच्या गजांतून हात घालून तिच्या डोक्यावर ठेवला. काय झालंय हे त्या बाईला माहीत नव्हतं. तिने विचारलंही नाही.

सहा वाजले. चित्र जमिनीवर टेकलं. फोन नाही. सव्वासहा. ताई मनात देवाशी सौदे करत होती. बाटली तिच्या हातात देईन, सगळ्या बाटल्या देईन, मुंग्या होत्या असंही मान्य करीन. साहेब घरी जायचे सोडून तिच्या मागे उभे होते आणि उगाच किल्ल्या मोजत होते.

फोन वाजला. धाकट्याचा चेहरा आला, ओला, विस्कटलेला.

"आहे," तो म्हणाला. "ताई, आहे ती."

आणि त्याने फोन आईपुढे धरला. ताईला पहिल्यांदा वाटलं, हा खोटं बोलतोय. चेहरा मेणाचा, तोंड किंचित उघडं, मान एका बाजूला. मग डोळे हलले. ते फोनवर आले आणि तिथेच थांबले.

डॉक्टरने जिभेवर विरघळणारी गोळी दिली होती. ती लागायला वेळ लागतो, हे ताईला ठाऊक होतं. सगळा वेळ ती बघत राहिली आणि धाकटा सांगत राहिला. निरोप पोचला होता, पण वाटेत कुठेतरी अडकून कितीतरी तास उशिरा. तशी गोळी विमानात कुणाकडेच निघाली नाही. पण निरोप पोचला तेव्हा एक मुलगी आईच्या तोंडाशी पेला नेतच होती. तिने तो खाली ठेवला आणि उतरेपर्यंत आईचा हात धरून शेजारी बसली, तिच्याशी बोलत. स्वतःच्या घरचं, भांडणांचं, होणाऱ्या नवऱ्याचं. आणि गोळ्या? आईने त्या मोडल्या होत्या. पहिली साडेसहाला घ्यायची ती तिने अर्धीच घेतली. मग अर्धी, मग अर्धी, मग शेवटची अर्धी. म्हणून ती साडेबारानंतर बंद पडायची ती बऱ्याच उशिरा पडली.

"पण मोडल्या का?" ताई म्हणाली. "तिला कुठे माहीत होतं?"

आईचं बोट हललं. मग हनुवटी. मग ओठ, एकमेकांपासून सुटायला धडपडल्यासारखे.

"समोर पडदा होता," आई म्हणाली. आवाज पार खोल गेलेला. "किती तास राहिले, दिसतं त्यावर. बसल्या बसल्याच कळलं मला. तू चुकलीस ते."

"मग सांगितलं का नाहीस कुणाला? बोलता येत होतं तोवर?"

आईने दम घेतला. पुढचं ती तुकड्या-तुकड्यांत बोलली.

"सांगितलं असतं तर तुला कळवलं असतं त्यांनी. म्हटलं, नको. उतरले की बघू. तोवर तिला कळायला नको. देवाला तेवढंच म्हणत होते. ते निभावलं असतं मी. मग ती पोर आली, तुझा निरोप वाचला. मुलीला चूक कळली आहे. तेव्हा मात्र घाबरले गं. म्हटलं, आता ती तिकडे एकटी आहे. आणि मला तर तोंडसुद्धा उघडता येईना."

ताईने फोन दोन्ही हातांनी धरला होता. तिला सांगायचं होतं की चूक माझी होती, की मला माफ कर, की बाटली आता तुझ्याकडेच राहील. पण ती नुसती बघत राहिली.

"अगं, अशी बघतेस काय?" पलीकडून आई म्हणत होती. "ठीक आहेस ना? बोल ना काहीतरी. ताई, बोल."